मासा हर्णैला

माझा बाप, शर्फुद्दीन सोलकर, आगबोटीवर भंडारी होता.
बोटीवर आचाऱ्याला भंडारी म्हणतात.
माझगावच्या चाळीत काहींना ती आमची जात वाटायची.
बावा हसायचा, दुरुस्त करायचा नाही.

घड्याळ त्याच्याकडे नव्हतंच.
भाऊच्या धक्क्यावरून दोर सुटला की कांदा तेलात,
खांदेरीचा दिवा डाव्या हाताला आला की तो लाल,
कोर्लईला वाटप, जंजिऱ्याला सोलं,
मासा हर्णैला. त्याआधी टाकलात तर मोडतो.
दाभोळच्या तोंडाशी पडाव येऊन बोटीला घासायचे,
बायका गाठोडी आधी सोडायच्या, मग पोरं, मग स्वतःला,
त्या गोंधळात झाकण काढायचं, मीठ बघायचं.
वरच्या वर्गाला सुरमई, डेकवाल्यांना बांगडा.
रस्सा एकाच टोपातला.

मग बोटी बंद झाल्या.
बावा गोदीच्या कँटीनला लागला, वडे तळू लागला,
त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही.
रविवारी घरी मात्र
सहा माणसांच्या पातेल्यात
अख्खा किनारा पाऊण तासात आटवायचा.
किती मिनिटं ठेवू, मी विचारायची.
जंजिरा दिसेपर्यंत.
आमच्या खिडकीतून दिसायची गोदामाची भिंत
आणि तिच्यावर वाळत घातलेली कुणाची तरी चादर.

कोर्लई मी अजून पाहिलेली नाही.
खोबरं करपायच्या जरा आधी जो वास येतो,
त्या वासाच्या अलीकडे कुठेतरी ते गाव आहे.

शेवटी शेवटी त्याला पेजसुद्धा जाईना.
एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाला, कुठं आलो गं?
मी उठले, चुलीकडे गेले, झाकण उचलून पाहिलं.
हर्णै, म्हटलं.
आच कमी कर मग, म्हणाला.

परवा त्याच धक्क्याच्या शेजारून
नातवाला घेऊन मांडव्याच्या बोटीत बसले.
पोटात मोटारी, वर गार हवा, वेफर्स,
मागच्या बाकावर कुणी फोनवर
अलिबागच्या बंगल्याचं भाडं घासाघीस करून पाडतंय.
खांदेरी लांब, धुरकट, नखाएवढी.
तेवढ्यात माणसं बॅगा घेऊन उभी राहिली,
खाली गाड्या सुरू झाल्या.

कांदा अजून नुसता गुलाबी.