उलट्या बाजूनं

चोवीस पानं. वय वर्षं चार ते सात.
प्रकाशकांनी पुण्याहून कळवलंय :
रक्त नको. दोर नको.
शक्यतो एखादा प्राणी असावा.

मी जन्मभर चादरींची नक्षी काढली.
चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत
मोर, कमळ, पुन्हा मोर.
मग कुणीतरी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं
आणि जेकार्डवरून मोर खाली उतरायचा.
माणूस कधी काढला नव्हता.
माणसावर झोपणार कोण,
असं आमचे शेठ म्हणायचे.

आता माणूसच काढायचाय.
लिंबय्या येमूल, साचेवाला, वय बावीस.
फोटो नाही. पुतळा नाही.
चौकात चौघे उभे आहेत,
त्यांच्या मागच्या गर्दीतला हा कुणी.
म्हाताऱ्या चुलतीच्या तोंडी उरलाय तेवढाच :
टोपी काढ म्हणाले, काढली नाही.
नेला. आला नाही.

एवढ्यात चोवीस पानं?

तर पहिल्यावर अम्माची मांडी, अंगाला तेल.
चारवर बोबीनच्या टोपलीत झोपलेला.
सहावर गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज,
बापाच्या खांद्यावरून दिसेल तेवढाच.
आठवर त्याचे पाय,
पहिल्या पगाराच्या चपलांत.
नवावर भोंगा. आता भोंगा कसा काढतात?
मी छपरावरच्या चिमण्या उडवल्या,
सगळ्या, एकदम.
(हाच प्राणी, असं कळवून टाकलं.)
बारावर मे महिना, नगरपालिकेवर झेंडा.
तेरावर मार्शल लॉ :
रिकामा रस्ता, मधोमध एक चप्पल.
सतरावर टोपी. नुसती टोपी, पानभर.
रंगच लावला नाही तिला.

एकविसावर अडलो. तीन आठवडे.
भिंत काढली. भिंतीला गज काढले, पुसले,
पुसल्याचे डाग गजांसारखेच दिसायला लागले.
ते तसेच ठेवले.
पुढं एक उघडं दार, उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या.
चोवीसवर तेच दार, दिवेलागणीला.
तांब्या तिथंच.

मजकूर अजून बसवायचा होता.
नुसती चित्रं शिवून घेतली
आणि विडी घरकुलात गेलो, पोरांना दाखवायला.
बाया ओट्यावर, मांडीवर सूप,
कात्री पानांवरून फिरतेय.
पोरं म्हणाली, ह्याला घोडा का नाही?
पोरं म्हणाली, दुसरी चप्पल कुठंय?
मला ते माहीत नव्हतं.

मेहजबीन नदाफनं पुस्तक ओढून घेतलं.
ती उर्दू शाळेत पहिलीला.
तिचं पुस्तक उजवीकडून उघडतं.
बाळ, उलटं धरलंयस, असं जिभेवर आलं होतं.
गिळलं.

अंधारातलं दार. मग उजेडातलं.
"घर में कोई नै."
डागांची भिंत तिनं बोटानं खरवडून बघितली.
टोपी.
रस्ता, रस्त्यात चप्पल.
झेंड्यापाशी ती थांबली नाही.
चिमण्या उडालेल्या,
तिच्या लेखी परत येऊन बसत होत्या बहुतेक,
कारण पान उलटताना ती हळू झाली.
मग पाय.
"मिली," ती ओरडली, "उसकू चप्पल मिली, दोनो!"
जत्रा. टोपली.
आणि शेवटी अम्मा, मांडी, तेल.
तिनं पुस्तक मिटलं, वर हात ठेवला.
"आया. अम्मी के पास आया."

ओट्यावरचे हात थांबले नाहीत.
एकीनं फक्त विडीचा दोरा
दातानं तोडला.

खोटं आहे हे, मला ठाऊक.
ती म्हातारी चुलतीसुद्धा तांब्या उचलायची नाही
कितीतरी वर्षं, म्हणे.
सहा वर्षांच्या पोरीला तरी खरं सांगावं,
त्यासाठीच तर पुस्तक.
म्हटलं, मेहजबीन, आता ह्या बाजूनं बघ की.

तिनं डावीकडचा पुठ्ठा बघितला,
मग माझ्याकडं.
"उधर से कल," म्हणाली,
आणि पुस्तक घेऊन घरी गेली.