आकाशलिफ्ट

कोलशेतला खाडीच्या बाजूने नवीन उघडलंय
भविष्य उद्यान.
पाटीतला शेवटचा न पेटत नाही,
म्हणून लांबून वाचता येतं: भविष्य उद्या.
तिकिटाच्या खिडकीशी मी विचारलं,
आज रोखच ना?
आतल्या मुलीला कळलं नाही. तिने कार्ड मागितलं.

दोन तिकिटांत तीन दिवसांचा पगार गेला.
स्पृहाच्या मनगटाला निळा पट्टा, माझ्याही.
नऊ वर्षांची आहे. पुढे पळते
आणि वळून बघते, मी येतोय का.

घुमटात समुद्र पाहिला. देवमासा अंगावरून गेला,
सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही.
मंगळावर वारा सुटला, त्याला
ओल्या फडक्याचा वास होता.
मग पन्नास मिनिटांची रांग
आणि दारावर निळी अक्षरं:
आकाशलिफ्ट. चारशे किलोमीटर. हृदयविकार असल्यास बसू नये.

मी सोळा वर्षं लिफ्टमध्ये आहे.
म्हणजे लिफ्टच्या टपावर, खालच्या खड्ड्यात, मशीनरूममध्ये;
आत उभा असा फार कमी.
मला दोर ऐकू येतात.
गाडी सुटली की डोळ्यांआधी तळव्यांना कळतं.

दार मिटलं. बारा माणसं
आणि चंदेरी कपड्यातली कॅप्टन हर्षला.
पायाखालच्या काचेत ठाणं लहान होत गेलं,
येऊरचा डोंगर म्हणजे शेवाळाचा डाग,
खाडी एक रेघ, मग ढग, मग काळोख,
आणि काळोखात गोल, निळी, आपली.
लोकांच्या तोंडून नुसता श्वास.
तळवे म्हणाले, दोर नाहीत.
चार जॅक. थरथर करायला एक मोटर.
उचल चार इंच, फार तर साडेचार.

स्पृहा म्हणाली, बाबा, कानात दडे बसले.
खरंच बसले असतील.

आणि तिथे, चारशे किलोमीटरवर,
लाईट गेली.

पृथ्वी विझली.
कुणाचं तरी बाळ रडायला लागलं,
एक काका दारावर थापा मारू लागले,
कॅप्टन हर्षला बटणं दाबत राहिली, तिचा आवाज
एकदम कळव्याच्या मुलीचा झाला:
असं कधी होत नाही हो सर.

मी सांगणार होतो.
तोंड उघडलंही होतं.
तेवढ्यात अंधारात माझं बोट घट्ट धरून तिने विचारलं,
आपण आत्ता किती उंच आहोत?

मग मी तेच बोललो
जे घोडबंदरच्या टॉवरांमधून रात्री-अपरात्री
दाराच्या फटीला तोंड लावून बोलतो, बाहेरून:
घाबरू नका. हवा येते आहे.
दाराला टेकू नका. खाली बसलात तरी चालेल.
नाव काय तुमचं?

आतून हे बोलायची पहिलीच वेळ.
थापा थांबल्या. काका म्हणाले, प्रभुदेसाई.
मग कोपऱ्यातून कुणी म्हणालं, नसीम.
मग शकुंतला वैती. मग दोघे भाऊ एकदमच बोलले.
हर्षलाने आडनावासकट सांगितलं.
बाळाची आई म्हणाली, ह्याचं अजून ठेवायचंय,
आणि तेवढ्या काळोखातही
काहीजण हसले.

सहा मिनिटं लागली.
खटका कुठे असतो ते मी हर्षलाला
हात धरून दाखवलं, दार आम्ही दोघांनी सरकवलं.
उजेड. बाहेर जमीन,
जेवायच्या पाटाएवढी खाली.

कुणी ओशाळलं, कुणी चिडलं,
प्रभुदेसाई पैसे परत मागायला तरातरा निघाले.
स्पृहा उंबऱ्याशी थांबली.
खाली वाकून पाहिलं.
एका हाताने नाक धरलं, दुसरा मला हलवून दाखवला,
आणि दोन्ही पाय जोडून उडी मारली.

बराच वेळ लागला तिला पोचायला.