पेरू नये

पाकिटावर छापलंय : संग्रहासाठी. पेरू नये.
ट्रेओर्कीच्या उतारावरच्या या दुकानात
मीही तेच घोकते गिऱ्हाइकांपुढे :
बी चालतं. कोंब चालत नाही.

कायदा नेमका कुठे राहतो,
टरफलाच्या आत की बाहेर,
मला कुणी सांगितलेलं नाही.

मंगळवारी इदवाल येतो.
एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत,
निम्मी खाण अजून छातीत.
थाईम नेतो, सेज, कधी कॅमोमाइल.
यंत्र एकशे सत्तरवर ठेव, मी सांगते,
पाला जळता कामा नये, नुसती वाफ.
"धूर पुरे झाला गं, नेरिस."

शिवाय पावशेर भांगेच्या बिया,
कॅनरीसाठी.
खाते थोडं, उधळते फार.

जूनमध्ये काउंटरवर ओणवा होऊन म्हणाला,
पिंजऱ्याखाली, फरशीच्या फटीत,
सात बोटांचं पान.
"मी पेरलं नाही."
"मग?"
"उपटलंही नाही."

त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.
रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली,
बेकरीपाशी थांबली, पाव घेऊन निघाली.

मी पावती लिहिली : थाईम, पन्नास ग्रॅम.
मग आरोपीचं नाव विचारलं.

"ब्लोडवेन," तो म्हणाला.
"पण ती आज गात नाहीये."