पाच मिनिटांची मुभा

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत
अकरा यंत्रं, तीन जातींची.
हिशेबाला विंडोज.
डिझेलपंपावर लिनक्स, कारण चेअरमनचा भाचा
पुण्याहून येऊन फुकटात बसवून गेला.
आणि एक मॅक, अनुदानातून आलेला,
कोळंबीच्या खोक्यांवरची चित्रं काढायला.
खाऱ्या वाऱ्यापासून जपायला त्याच्यावर टॉवेल टाकतात.
टॉवेल कुणाचा, ते विचारायचं नसतं.

मी कंत्राटावर आलो तेव्हा मुमताज होडेकर
एकटी चार जणी होती.
हिशेबात मुमताज, बर्फाच्या कारखान्यात एम. होडेकर,
पंपावर नुसतीच डिझेल-दोन,
मॅकवर पाहुणी.
चारही पासवर्ड कालनिर्णयाच्या पाठीमागे,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.

मी म्हटलं, एक माणूस, एक नोंद.
सगळी यंत्रं एकाच वहीला विचारतील, ही कोण?
फळ्यावर आकृती काढून दाखवली,
मूळ वर, फांद्या खाली.
काट्यावरचे नाथा पावसे बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, मुळं वर तर चिपीचीही असतात.
चिखलात श्वास कुठनं घेणार?

महिनाभर लागला.
विंडोजला तिचं लांबलचक शेपूट हवं होतं,
लिनक्सला फक्त आकडा.
मी दिला, १०४३.
मॅक दोघांचंही ऐकतो असं सांगून
कुणाचंच ऐकत नव्हता.
पण एका सोमवारी
तिने एकच पासवर्ड चार ठिकाणी टाकला
आणि चारही दारांनी तिला नावाने हाक मारली.
ती हसली नाही. कालनिर्णय उलटा करून
पाठचा मजकूर खोडला फक्त.

मग ती रात्र. वीज चार वेळा गेली.
पहाटे तिचा फोन, मी दापोलीत, झोपेत.
पंप घेत नाही मला. सतरा होड्या खोळंबल्यात.
पासवर्ड?
तोच.
घड्याळ काय दाखवतंय पंपाचं?
पाच वाजून सात.
आणि खरे किती?
ती थांबली. फोनमध्ये लाटा, कुणाची तरी शिवी,
आणि लांबून अजान.
म्हणाली, मशिदीच्या फळ्यावर पाच वीस आहे.

तेरा मिनिटं.
वही पाच मिनिटांची मुभा देते, त्यापलीकडे
कालचा कुणी आजचा म्हणून आत येऊ नये म्हणून
खऱ्या माणसालाही परत पाठवते.
मागून नाथा पावसे ओरडत होते,
भरती रोज दोन घटका उशिरा येते,
तिला कोण विचारतो रे?

सगळ्या जुन्या नोंदी मी काढल्या होत्या.
एक सोडून. ती वहीत नव्हती,
पंपाच्या स्वतःच्या पोटात होती,
अशाच पहाटेसाठी.
तिचा पासवर्ड चेअरमनच्या पहिल्या होडीचं नाव,
जी बुडाली.
मी ते हळू आवाजात सांगितलं.
तिने अजानीवर घड्याळ लावलं
आणि परत मुमताज झाली.
सव्वासहाला शेवटची होडी
सुवर्णदुर्गाच्या पलीकडे गेली.

मेमध्ये तिचं लग्न झालं, बाणकोटला.
वहीत मी आडनाव बदललं, साखरकर.
आकडा तोच ठेवला.
तिच्या जुन्या फायली तिला
माहेरची म्हणून अडवणार नव्हत्या.

माझं कंत्राट सप्टेंबरात संपलं.
किल्ल्या तिच्याकडे दिल्या. तिने विचारलं,
तुमची नोंद पुसू?
पुसू नको, नुसती बंद कर.
पुसलीस तर मी लिहिलेलं सगळं
निनावी आकड्याच्या नावावर पडेल,
वाळूत सापडलेल्या वल्ह्यासारखं.
माझ्यासमोरच तिने बंद केली.
एक टिचकी. मी तेव्हा चहा पीत होतो.

दिवाळीनंतर एकदा फोन आला.
घड्याळ बरोबर चालतंय,
तुमचं नाव अजून दिसतं, करड्या रंगात.
मग वाईच थांबून,
तो मॅकवरचा टॉवेल तुम्ही नेलात का?

नाही म्हणालो.
समोरच्या दोरीवर वाळत होता.