हीटरचा दिवा

पहाटे साडेचारला चावी अर्धीच फिरवायची
आणि थांबायचं.
हीटरचा नारिंगी दिवा विझेपर्यंत मी मोजते:
थंडीत तीस, उन्हाळ्यात बारा.
भावाच्या पेट्रोलच्या पद्मिनीला चोक ओढला की झालं,
ती आगपेटीच्या जातीची.
हिला ठिणगीच नाही.
हवा दाबत न्यायची, दाबत न्यायची,
शेवटी इतकी तापते की डिझेल आपसूक पेटतं.
इनास मेस्तनं हे समजावलं तेव्हा मी म्हटलं,
म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं.
तो हसला नाही.
त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

अँबॅसडर, अठ्ठ्याऐंशीची, रंग मूळचा पांढरा.
खाण बंद झाली तेव्हा कंपनीनं लिलावात काढली.
मी काट्यावर होते, अकरा वर्षं ट्रक मोजले,
मिळालेल्या पैशांतले सत्तावीस हजार हिच्यावर घातले.
नवरा आठवडाभर बोलला नाही.
अजूनही एअर फिल्टर उघडला
की चमचाभर लाल माती निघते.
कुठे दडून बसते कोण जाणे,
डॅशबोर्डमागे, सीटच्या काथ्यात, दारांच्या पोटात.
डोंगर बोटीत बसून परदेशी गेला,
उरलासुरला माझ्याकडे येतो, चिमटीचिमटीनं.

मंगळवारी आणि शुक्रवारी कुडचड्याहून मडगाव.
डायलिसिसचे तिघे:
पुढे पियेदादबाय, तिला मळमळतं म्हणून,
मागे सोमा वेळीप आणि गुणो.
भाडं घेते डिझेलपुरतं.
खोटं कशाला बोलू, थोडं वरही.
एकदा चांदरच्या वळणावर गाडी खोकली आणि गप्प झाली.
लाइनमध्ये हवा.
बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला,
हातपंप मारत राहिले.
आधी फेस, मग बुडबुडे,
मग एकच हट्टी बुडबुडा,
मग डिझेल, सलग, थंड, बोटांवरून मनगटापर्यंत.
सोमा काठी टेकत उतरून बघत होता.
म्हणाला, आमचंही असंच असतं बाय,
हवा गेली तर संपलं.
फक्त तिथं एसी असतो.

केप्याच्या आरटीओत साहेब दर खेपेला विचारतात,
आणखी किती वर्षं?
मी ग्रीन टॅक्सची पावती पुढे सरकवते.
गॅस्केट बेळगावच्या भंगारातून आणलं,
मडगार्डचं भोक तेलाच्या डब्याच्या पत्र्यानं बुजवलं,
ऊन पडलं की आतल्या बाजूला
सूर्यफुलाची अर्धी पाकळी दिसते.
हे साहेबांना सांगत नाही.

इनास आता एकोणऐंशीचा.
पाठीमागे हॉर्न वाजला तरी वळत नाही.
पण लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनच्या डोक्यावर टेकवायचा,
लाकडी मूठ दातांत धरायचा, डोळे मिटायचा
आणि सांगायचा, कुठला नोझल थुंकतोय,
कुठलं बेअरिंग महिन्याभरात जाईल.
बाये, दांतांक आयकूंक येता.

परवा त्याचे उरलेले दात काढले.
मी गेले तेव्हा गॅरेजच्या बाकावर बसला होता,
गाल आत ओढलेले,
शेजारी पेजेचा वाडगा.
काही न बोलता त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे धरला.
मुठीवर चाळीस वर्षांच्या चाव्याच्या खाचा,
खाचांत ग्रीस.
मी ओढणीनं पुसली.
पुन्हा एकदा पुसली.
मग चावली.

आधी नुसता गोंगाट, कवटीत कोणी रेती चाळतंय.
डोळ्यांत पाणी आलं.
मग गोंगाटातून चार जण वेगळे झाले,
आणि त्यातला तिसरा
जरा उशिरा यायचा, टिक् करून,
चप्पल सापडत नसल्यासारखा.
मी तीन बोटं वर केली.
इनासनं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
भिंतीला धरून उठला
आणि दहा-अकराचा पाना शोधायला लागला.