पिवळ्या रेघेबाहेर

चुंबकाच्या खोलीत हिराजी वैती येत नाहीत.
छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली
काडेपेटीपेक्षा लहान यंत्र आहे त्यांच्या,
आणि जमिनीवर पिवळी रेघ.
चपलेचं टोक रेघेला लावून ते उभे राहतात.
मी आत.

आमच्या वाट्याला चुंबक येतं रात्री अकरानंतर.
दिवसा ते औषधवाल्यांचं.
चेंबूरच्या या खिडकीतून माहुलची ज्योत दिसते,
तिच्याखाली कुठेतरी, उंच टाक्यांत,
अशाच गोळ्या भरलेल्या असतात टनांनी,
डिझेलमधला गंधक वेचत.

गोळी म्हणजे तीन मिलिमीटरची पांढरी कांडी,
खडूचा मोडका तुकडा वाटावा अशी.
कोरडी असताना जिभेला लावली की चिकटते.
काकांनीच दाखवलं होतं, माझ्या पहिल्या आठवड्यात:
"चिकटली ना? म्हणजे तहानलेली हाय. घे ही."
(प्रयोगशाळेत काही चाटू नये
हा नियम त्यांच्यापेक्षा तरुण आहे.)

मग कोबाल्टचं पाणी,
आमसुलाच्या सारासारखं दिसणारं.
गोळी त्यात टाकली की बारीक चुरचुरते,
आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते
आणि एका मिनिटात पाणी मध्यापर्यंत पोचतं.
कोबाल्ट नाही पोचत.
तो उंबऱ्यातच भिंतींना बिलगून बसतो,
मागून येणारे त्याला ओलांडून पुढे,
तेही बसतात.

हे आम्हाला आत्ता दिसतंय.
यंत्र ठोकतं, थांबतं, परत ठोकतं,
शेजारच्या घरात कुणी रात्री पाटा टाकवून घेतंय जणू.
पाण्याला हाक मारायची आणि ओ ऐकायची, एवढंच.
कोबाल्टच्या शेजारचं पाणी ओ देतं न देतं तोच गप्प होतं.
चित्रात तिथे काळं.

पाच मिनिटं: काळी कड, आत पांढरा चंद्र.
चाळीस मिनिटं: चंद्र वाटाण्याएवढा.
तीन तास: सगळीकडे सारखा करडा.
कड नाही. काहीच नाही.

मी पुन्हा घेतलं. दुसरी गोळी, तिसरी.
सारखा करडा.

काकांच्या कपाटात सहाशे काडेपेट्या आहेत.
प्रत्येकीत अर्धी गोळी,
दाढीच्या अर्ध्या पात्याने मधोमध कापलेली,
वर तारीख, वेळ, आणि तिरप्या अक्षरात "भिजवण".
"तीन तास" लिहिलेल्या सगळ्या उघडल्या मी.
सगळ्यांना निळी कड. मध्य फिकट.
त्या कडेवर दोन प्रबंध उभे आहेत,
एक मुकादममॅडमचा.

पहाटे अडीचला कागद घेऊन रेघेबाहेर आले.
काय सांगायचं ते ठरवत होते,
तोवर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
चित्र हातभर लांब धरलं.

"ओली गोळी पात्याखाली भुगा होते," ते म्हणाले,
"म्हणून मी आधी दिव्याखाली वाळवायचो."

हो, म्हटलं.

बराच वेळ फक्त पंप ऐकू येत होता.

"आमच्याकडे मासा खारवतात.
मीठ पार काट्यापर्यंत जातं.
मग उन्हात घातला की तेच मीठ
पाण्यामागून चालत येतं आणि अंगावर फुलतं.
लहानपणापासून बघतोय."
मग हसले, पण मजेने नाही.
"तीस वर्षं सुकणं मोजलं गं आपण.
भिजणं नाय."

आपण, म्हणाले. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

मॅडमना सकाळी फोन करायचा आहे.
कसा, ते अजून सुचलेलं नाही.
आर्द्रतामापक चौऱ्याऐंशीवर अडकलाय,
पुढची गोळी नळीत आहे,
आता तिला वाळताना बघायचं, चुंबकाच्या आतच,
कोरड्या हवेची बारीक धार सोडून.

बाहेर स्टुलावर काका
मांडीवर कपाटाचा खण घेऊन बसलेत.
एकेक काडेपेटी उचलतात,
"भिजवण"वर एक सरळ रेघ मारतात,
खोडत नाहीत, खालचं वाचता यावं अशी,
आणि शेजारी लिहितात
"सुकवण".

एकशे बारा झाल्यात.
पेन दोनदा झटकलं.