ओ

रविवारी सकाळी पुन्हा तेच.
राऊटरचे पाचही दिवे हिरवेगार,
आणि एक पान उघडेल तर शपथ.
असून अडचण, नसून खोळंबा.

डंडीत फेब्रुवारीचा उजेड
माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला कंटाळतो.
टे नदीवरचं धुकं मात्र जिना चढून आलंय.
मिरजेत दुपार.
निमा जेवून, हात पुसून,
फोन पोळीच्या डब्याला टेकवून बसली असेल.

कंपनीचा पोरगा म्हणतो, बंद करा, चालू करा.
तीन आठवड्यांत एकवीस वेळा केलं, बाळा.
म्हणतो, तुमची लाइन उत्तम आहे मॅडम.
ते मलाही माहीत आहे.

मग काळ्या खिडकीत मी नुसते आकडे टाकले.
आठ, आठ, आठ, आठ.
एकोणीस मिलिसेकंदांत उत्तर,
अंगणातून हाक मारावी नि माजघरातून ओ यावी तसं.
मग नाव टाकलं.
नावाला कुणी ओ दिली नाही.

म्हणजे रस्ता आहे, गाडी आहे.
नाव ऐकून पत्ता सांगणारा तेवढा
नाक्यावरून उठून गेलाय.

तुमच्याकडे चालतंय का, विचारायला
खाली मिसेस गेडीसकडे गेले.
तिच्याकडे इंटरनेटच नाही
हे दार उघडल्यावर आठवलं.
तरी तिनं चहा टाकला.
अठराव्या वर्षी ती एक्स्चेंजमध्ये बसायची,
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी.
लोक नाव सांगत, ती नंबर जोडून देई.
फिशर खाटीक: दोन दोन चार सात.
डॉक्टर मक्रे: तीन एक नऊ शून्य.
पासष्ट वर्षांनी पाढ्यांसारखे म्हणून दाखवले,
एकही न चुकता.
मग कप ठेवत म्हणाली,
"तुझं नाव काय म्हणालीस, पोरी?"
अकरा वर्षं मी ते सांगतेय.
तिच्या लेखी मी 'तिसरा मजला, डावीकडची'.
पत्ता पक्का, नाव गहाळ.

माझंही एकदा बदललं होतं.
ताटात तांदूळ, तांदळात अंगठीनं गिरवलेलं: मैथिली.
बँक, पासपोर्ट, गॅसचं कार्ड,
सगळीकडे हळूहळू पोचलं.
निमाला कळवलं, तिनं ऐकून घेतलं
आणि हेमेच म्हणत राहिली.
ठेवणारा आता लीड्सला असतो.
नाव माझ्याकडेच राहिलं.

वर येऊन राऊटरच्या पोटात शिरले.
तिथे नावं विचारायचे दोन पत्ते लिहिलेले,
एक जिवंत, एक कधीचा मेलेला.
कुठली हाक कुणाकडे जाईल, नेम नाही.
म्हणून कधी चालायचं, कधी नाही,
आणि मला वाटायचं, हवेचा दोष.
दोन्ही खोडले. चार आठ घातले.
लॅपटॉपनं जपून ठेवलेली जुनी उत्तरं
एका ओळीच्या हुकमानं पुसली.
त्यानं एकदाही विचारलं नाही, नक्की ना?

निमा आली. आधी गोठलेली, तोंड उघडं,
मग आवाज:
"हेमे! मेलीस का काय?"

आकडे एका चिठ्ठीवर लिहून
राऊटरच्या पाठीला डकवले,
पुढच्या खेपेसाठी.
दुसरी चिठ्ठी खालच्या दारातून सरकवायची होती,
ठळक अक्षरांत, माझ्या नावाची.
पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
तिथे शाईचा एक ठिपका झाला.
ठिपक्याच्या पुढे लिहिलं, हेमा.

संध्याकाळी जिन्यातून हाक आली,
"हीमा! हीमा!"
दीर्घ ई, स्कॉटिश, खोकल्यासकट.
ओ, म्हणत खाली धावले.
बल्ब बदलून हवा होता तिला.